अंघोळीचं पाणी तापवायला नेमका किती खर्च येतो? बंब, गिझर, गॅस आणि सोलरचा सोपा हिशोब

नोव्हेंबर उजाडला की सांगली जिल्ह्यातल्या कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. शिवारात ऊसतोड चालू होते, कुंडलच्या क्रांती कारखान्यासारख्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम लागतो. आणि घराघरांत पहाटे उठून अंघोळीचं पाणी तापवायची घाई सुरू होते.

तसं बघायला गेलं तर दोन्हीकडे काम एकच चाललेलं असतं. कारखान्याच्या बॉयलरमध्ये चिपाड जळतं आणि पाण्याची वाफ होते. घरी बंबात जळण जळतं किंवा गिझरमध्ये वीज जळते आणि पाणी कडत होतं. फरक एवढाच की कारखान्यात वाफेचा हिशोब ठेवायला माणसं नेमलेली असतात, तिथल्या नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टण असतं, बॉयलरला द्यायचं पाणी आधी मऊ करून घेतात आणि बॉयलरची वेळच्या वेळी सरकारी तपासणी होते. घरी मात्र बटण दाबलं की विषय संपला. मग महिन्याच्या शेवटी लाइट बिल हातात पडतं आणि प्रश्न पडतो, एवढं आलंच कसं?

युरोप-अमेरिकेतल्या थंड भागात हा प्रश्न अख्ख्या घराचा असतो. तिथे एका बॉयलरमधून गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतात, त्याला सेंट्रल हीटिंग म्हणतात. आपल्याकडे घर तापवायची वेळ येत नाही. कुंडलच्या बाजूला हिवाळ्यात पहाटेचा पारा साधारण १२ ते १५ अंशांवर असतो, कधी त्याच्याही खाली जातो, पण दुपारी ऊन असतंच. त्यामुळे आपल्या घरातली 'हीटिंग सिस्टीम' म्हणजे अंघोळीचं पाणी. नियम मात्र तेच लागू होतात. किती पाणी, किती अंश आणि वाटेत किती उष्णता वाया गेली, या तीन गोष्टींवर सगळा खर्च ठरतो.

एक बादली पाणी तापायला किती वीज लागते?

हा हिशोब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. १ युनिट विजेत जेवढी उष्णता असते, तिच्यात ८६० लिटर पाणी १ अंशाने तापतं. म्हणून सूत्र असं:

लिटर × जितके अंश तापवायचं ते ÷ ८६० = लागणारे युनिट

आता समजा टाकीतलं पाणी २० अंशांवर आहे आणि अंघोळीला ४० अंशांचं पाणी हवंय. २० लिटरची एक बादली, २० अंशांची वाढ. २० × २० = ४००. त्याला ८६० ने भागलं की येतं ०.४७, म्हणजे जवळपास अर्धा युनिट. घरात ५ माणसं असतील तर दिवसाला सव्वादोन युनिटच्या थोडं वर आणि महिन्याला साधारण ७० युनिट.

गिझर कोणत्याही कंपनीचा असो, हा आकडा याच्या खाली जाऊ शकत नाही. कमी करायचा असेल तर दोनच मार्ग आहेत. पाणी कमी घ्या किंवा सुरुवातीला जरा कमी गार पाणी घ्या.

पहिला मार्ग सगळ्यांना माहिती आहे. साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी जातं, म्हणजे ५ मिनिटांच्या शॉवरला दोन-अडीच बादल्या लागतात. बादलीची अंघोळ इथे सरळ जिंकते.

दुसऱ्या मार्गाकडे सहसा लक्ष जात नाही. रात्रभर गच्चीवर उघड्यावर राहिलेल्या टाकीतलं पाणी हिवाळ्यात पहाटे १८ अंशांपर्यंत उतरलेलं असू शकतं. याउलट बोअरचं ताजं पाणी जमिनीखालून येतं आणि तिथलं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. म्हणून थंडीत बोअरचं पाणी हाताला कोमट लागतं. ते २५ अंशांचं धरलं तर एका बादलीला ०.५१ ऐवजी ०.३५ युनिट पुरतात. खर्च थेट एक तृतीयांशाने खाली येतो. ज्यांच्याकडे बोअर आहे, त्यांनी बंब किंवा बादली भरायला टाकीऐवजी मोटरीचं ताजं पाणी घेतलं तरी फरक दिसतो. निदान गच्चीवरची टाकी झाकलेली आणि उन्हात असावी.

गिझरचे युनिट सगळ्यात महाग का पडतात?

महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने वाढतं. पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० वेगळ्या दराने, त्यापुढे ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर आणखी चढ्या दराने. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात गेलं की प्रत्येक युनिटची किंमत जवळपास दुप्पट होते.

आता एखाद्या घरात दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून महिन्याला ८० युनिट लागतात असं धरा. बिल पहिल्या टप्प्यातच राहतं. त्यात गिझरचे ७० युनिट आले की एकूण १५० होतात. या ७० पैकी फक्त २० युनिट स्वस्तात पडतात, उरलेले ५० महागात. म्हणजे वापर दुपटीहून कमी वाढतो, पण बिल मात्र त्याहून जास्त फुगतं.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवायची. गिझर किती रुपये खातो ते काढताना एकूण बिलाला युनिटने भागून येणारा सरासरी दर धरू नका. तुमचं घर ज्या टप्प्यात जाऊन थांबतं, त्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा. त्यात वहन आकार मिळवा आणि वर वीज शुल्क. पाणी तापवण्यात वाचलेला प्रत्येक युनिट त्याच शेवटच्या, महागड्या दराने वाचतो.

गिझर दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते?

नाही. 'सारखं बंद-चालू केलं तर जास्त वीज खातो' हा समज घरोघरी आहे, पण तो चुकीचा आहे. टाकीत साठवलेलं गरम पाणी हळूहळू बाहेरच्या हवेला उष्णता देत राहतं, आणि ती भरून काढायला गिझर अधूनमधून पेटत राहतो. जुना, कमी स्टारचा २५ लिटरचा गिझर अशाने दिवसाला पाऊण ते एक युनिट नुसता उभ्या उभ्या खाऊ शकतो. महिन्याला झाले २५-३० युनिट, तेही शेवटच्या टप्प्याच्या दराने.

गिझरवरच्या स्टार पट्टीचा अर्थही इथेच कळतो. स्टोरेज गिझरचे स्टार हे तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर २४ तासांत किती उष्णता बाहेर जाते, यावरून दिले जातात. पाणी तापवण्याच्या कामात कमी स्टारचा आणि जास्त स्टारचा गिझर जवळपास सारखेच. त्यामुळे सकाळी अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घराला ५ स्टारचा फायदा थोडाच होतो. ज्या घरात अंघोळी सकाळी सहापासून दहापर्यंत चालतात, तिथे तो बराच होतो.

वेळेचा अंदाजही सूत्रावरूनच काढता येतो. २ किलोवॅटचा १५ लिटरचा गिझर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २० मिनिटं घेतो, २५ लिटरचा ३५ मिनिटं. त्याआधी तासभर लावून ठेवण्याची गरज नाही. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर पुरेसा आहे. ७५ वर ठेवून नंतर बादलीत निम्मं गार पाणी मिसळलं तर अंगावर पडणारी उष्णता तेवढीच राहते, पण टाकीतून बाहेर जाणारी उष्णता वाढते, क्षार जास्त साचतात आणि लहान मुलांना भाजण्याची भीतीही वाढते.

गॅस स्वस्त की वीज?

याचं एकच उत्तर कायम लागू राहत नाही, कारण दोन्हींचे दर बदलत असतात. पण उत्तर काढायची रीत कायम आहे.

१४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास पाण्याला देतो, म्हणजे जवळपास १४५ युनिट. शेगडीवर पातेलं ठेवून पाणी तापवलं तर बरीच उष्णता पातेल्याच्या कडेने निघून जाते आणि हातात येतात ११० च्या आसपास.

म्हणून सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडतो, तर गॅस गिझरचा दर झाला ६ रुपये २० पैसे युनिट. शेगडीवर तोच दर ८ रुपयांच्या वर जातो. हा आकडा तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराशी ताडून बघा. १०० युनिटच्या आत राहणाऱ्या छोट्या कुटुंबाला वीज परवडू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या घराला बहुतेक वेळा गॅस स्वस्त पडतो.

शेगडीवरच तापवायचं असेल तर झाकण ठेवा आणि पाण्याला उकळी येऊ देऊ नका. पाणी तापायला जेवढी उष्णता लागते, त्यापेक्षा त्याची वाफ व्हायला कितीतरी जास्त लागते. २० अंशांचं १ लिटर पाणी १०० अंशांवर नेण्याच्या सहापटीहून जास्त उष्णता ते सगळं आटवायला जाते. उघड्या पातेल्यातून निघणारी वाफ म्हणजे सिलिंडरच उडून जाणं आहे.

बंब खरंच फुकट पडतो का?

गावाकडे अजूनही अनेक घरांच्या मागच्या अंगाला तांब्याचा बंब किंवा चुलाण असतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि खेडोपाडी गॅस पोहोचला, तरी अंघोळीचं पाणी बऱ्याच ठिकाणी जळणावरच राहिलं. कारण साधं आहे. सिलिंडर स्वयंपाकाला पुरवून वापरायचा असतो, आणि शेतात काटक्या, तुरीच्या पळकाट्या, पाचट मिळतंच.

बंबाची रचना हुशारीची आहे. मधून धुराची नळी जाते, खाली जाळीवर जाळ असतो आणि नळीच्या सभोवती पाणी. त्यामुळे धूर बाहेर पडता पडताही पाण्याला उष्णता देऊन जातो. बऱ्याच बंबांत वरच्या नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी तळाशी जातं आणि वरचं कडत पाणी तोटीतून बाहेर ढकललं जातं. उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा तो नक्कीच कमी जळण खातो.

१ किलो वाळक्या लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते. त्यातली पाव ते एक तृतीयांश पाण्यात उतरली असं धरलं, तर ५ माणसांच्या अंघोळीला रोज २ किलोच्या आसपास जळण लागतं. महिन्याला ६० किलो. हे जळण गोळा करायला, वाळवायला आणि पावसापासून जपायला वेळ जातो. तो वेळ बहुतेक घरांत बायकांचाच असतो, आणि पहाटे बंब पेटवताना धूर नाकातोंडात जातो तोही त्यांच्याच. म्हणून फुकट हा शब्द जपून वापरावा लागतो.

बंब वापरायचाच असेल तर काही गोष्टींनी जळणही वाचतं आणि धूरही कमी होतो:

• जळण पूर्ण वाळलेलं असावं. ओल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचंच असतं. आधी ते पाणी वाफ होऊन जातं, जाळ थंड पडतो आणि नुसता धूर होतो.
• जाळीखालची राख रोज काढावी. खालून हवा मिळाली तरच जाळ नीट धरतो.
• मधल्या नळीला आतून चिकटलेली काजळी आठवड्याला खरवडून काढावी. काजळीचा थर उष्णतेला अडवतो आणि ती धुरासोबत वर जाते.
• शेवटच्या अंघोळीच्या आधीच जळण टाकणं थांबवावं. उरलेल्या निखाऱ्यांवर एक-दोन बादल्या सहज निघतात.
• बंब रिकामा कधीही पेटवू नये. पाण्याशिवाय तापला की जोडावरचा डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो.
• बंबाची जागा घराबाहेर किंवा वारा खेळेल अशा पडवीत असावी, बंद न्हाणीत नको.

आणि त्यात प्लास्टिक, टायर, चपला असलं काहीही जाळू नये. जाळ झटकन धरतो, पण त्याचा धूर विषारी असतो.

सोलर बसवलं, तरी बिल का कमी होत नाही?

सांगली जिल्ह्यात पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर ऊन भरपूर असतं. त्यामुळे सोलर वॉटर हीटर इथे चांगला चालतो. तरीही बसवल्यावर समाधान नसलेली घरं बरीच सापडतात. कारणं बहुतेक वेळा यंत्रात नसतात, मांडणीत असतात.

पहिलं कारण म्हणजे आकार. सोलरचं पाणी साधारण ६० अंशांचं असतं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की अंघोळीचं होतं. म्हणजे बादलीने अंघोळ करणाऱ्या ५ जणांच्या घराला ५० लिटर कडत पाणीही पुरतं, आणि १०० लिटरची सिस्टीम ऐसपैस होते. तिथे ३०० लिटरची घेऊन ठेवली तर जास्तीचं पाणी फक्त तापून निवत राहतं.

दुसरं कारण दिशा आणि कल. पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. कुंडल साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि गरम पाण्याची गरजही तेव्हाच जास्त असते. म्हणून कल अक्षांशापेक्षा १० ते १५ अंश जास्त, म्हणजे ३० अंशांच्या आसपास ठेवतात. शेजारच्या पाण्याच्या टाकीची किंवा नारळाची सावली सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये पडत असेल तर सिस्टीम कितीही भारी असो, पाणी कोमटच राहणार.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे पाइप. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप २० मीटर लांब असेल तर त्यात ६ लिटरच्या आसपास पाणी मावतं. नळ सोडला की आधी ते गार पाणी बाहेर येतं आणि मागून तेवढंच कडत पाणी पाइपात येऊन बसतं. पुढची अंघोळ तासाभराने झाली की तेही निवलेलं असतं. एका माणसाच्या एका अंघोळीला ६ लिटर गरम पाणी असं जातं. यावर तीन उपाय आहेत. पाइपला उष्णतारोधक वेष्टण घालणं, पाइप शक्य तितका आखूड आणि बारीक ठेवणं, आणि घरातल्या अंघोळी एकामागून एक उरकणं. तिसऱ्या उपायाला तर एक रुपयाही लागत नाही. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरून ते भांड्याला किंवा झाडांना वापरता येतं.

चौथं कारण बॅकअप हीटर. ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीत विजेची कॉइल बसवलेली असते. ती कायम चालू राहिली तर रात्री निवलेलं पाणी वीजच तापवते आणि सकाळी उन्हाला काही काम उरत नाही. ही कॉइल फक्त गरजेच्या दिवशी, तीही पहाटे अंघोळीआधी लावायची.

खर्च किती दिवसांत वसूल होतो हेही स्वतःच काढता येतं. समजा सिस्टीमला ३०,००० रुपये लागले आणि महिन्याला ७० युनिट वाचले. तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर १० रुपये धरला तर वाचतात ७०० रुपये. पावसाळ्यातले तीन-चार महिने अर्धेमुर्धे धरले तरी साधारण चार-साडेचार वर्षांत पैसे निघतात. नीट राखली तर सिस्टीम त्याच्या कितीतरी पुढे चालते.

इथे एक गल्लत टाळायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना ही छतावर वीज तयार करणाऱ्या सोलर पॅनलसाठी आहे. त्यात ३ किलोवॅट आणि त्यावरच्या पॅनलला ७८,००० रुपयांचं केंद्राचं अनुदान मिळतं. पाणी तापवणारा सोलर ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांच्या छतावर आधीच विजेचं सोलर बसलंय आणि बिल शून्याच्या जवळ आलंय, त्यांनी पाण्याचं वेगळं सोलर घेण्याआधी आकडेमोड करावी. त्यांना साधा गिझरही परवडू शकतो.

बोअरच्या पाण्याचा गिझरवर काय परिणाम होतो?

बोअरचं पाणी जड असेल तर बादलीवर, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो. गरम पाण्यात हा थर लवकर बसतो, कारण पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडून पृष्ठभागाला चिकटतो. पाणी जितकं जास्त कडत, तितका थर जाड.

बंब आणि गॅस गिझरमध्ये हा थर थेट जळण खातो. जाळ आणि पाणी यांच्यामध्ये तो आडवा येतो, आणि पाण्याने न घेतलेली उष्णता धुरासोबत बाहेर जाते. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते. गिझरमधून कडकड, खदखद आवाज यायला लागला तर थर साचल्याची ती खूण समजा.

सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्यांचं फ्लॅट प्लेट पॅनल असेल तर क्षारांनी नळ्या तुंबतात. म्हणून जड पाण्यासाठी हीट एक्स्चेंजरवालं फ्लॅट प्लेट किंवा काचेच्या ट्यूबचं सोलर बरं पडतं. काचेच्या ट्यूब काढून साफ करता येतात.

गिझरच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अॅनोड रॉड म्हणतात. टाकीला गंज लागण्याऐवजी ती स्वतः झिजते. ती पूर्ण संपली की गंज टाकीला धरतो आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. वर्षातून एकदा कॉइल साफ करताना ही कांडी तपासून घेतली तर छोट्या खर्चात नवा गिझर वाचतो.

पैसे वाचवताना जिवाशी खेळ नको

स्वस्तात पाणी तापवण्याच्या नादात होणारे अपघात साधारण दोन प्रकारचे असतात.

पहिला गॅस गिझरचा. १ किलो गॅस नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते, आणि मध्यम आकाराचा गॅस गिझर तासाला १ किलोच्या आसपास गॅस घेतो. ६ फूट बाय ४ फुटांच्या न्हाणीघरात सगळी मिळून हवाच साडेपाच घनमीटर असते. दार-खिडकी बंद करून तिथेच गिझर चालवला तर काही मिनिटांतच प्राणवायू कमी पडू लागतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास असतो, तसला इशारा इथे मिळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. म्हणून गॅस गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवेत. खिडकी हिवाळ्यातही बुजवायची नाही. अंघोळ करताना चक्कर आल्यासारखं वाटलं तर तसंच बाहेर पडायचं.

दुसरा विजेचा. बादलीत टाकायचा रॉड खरं तर काटकसरीचा आहे, कारण तो लागेल तेवढंच पाणी तापवतो आणि साठवण्यात काही वाया जात नाही. १५०० वॅटचा रॉड २० लिटरची बादली २० मिनिटांत तयार करतो. पण पाणी तापलं का बघायला चालू रॉडच्या बादलीत हात घालणं जिवावर बेतू शकतं. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर आणि त्यानंतरच पाण्याला हात, हा क्रम मोडायचा नाही. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत रॉड टाकू नये.

गिझर असो वा रॉड, घराला चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असायला हवा. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावायचा. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला तर वायर तापून वितळते.

वर्षभराचं साधं वेळापत्रक

• दसरा-दिवाळीच्या सुमारास, थंडी पडायच्या आधी: गिझरची कॉइल आणि अॅनोड तपासून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे ना बघा, गॅस गिझरचा बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर गॅस अर्धवट जळतोय.
• हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी: सोलरच्या काचेवरची धूळ पुसा. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्याची काजळी आणि रस्त्याचा धुरळा लवकर बसतो. हे काम सकाळी लवकर करायचं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.
• महिन्यातून एकदा: काचेच्या ट्यूबचं खालचं टोक बघा. तिथे चंदेरी आरसा असतो. तो पांढरा पडला असेल तर त्या ट्यूबमधली निर्वात पोकळी गेली, ती ट्यूब बदलायची.
• टाकी रिकामी झाली असेल तर: उन्हात सोलरमध्ये लगेच पाणी सोडू नका. कोरड्या ट्यूब प्रचंड तापलेल्या असतात. संध्याकाळी निवल्यावर पाणी भरा.
• उन्हाळा लागला की: गिझर बटणावरून पूर्ण बंद करा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआपच अंघोळीपुरतं तापलेलं असतं.

मग घ्यायचं काय?

दोन माणसांचं घर, वापर १०० युनिटच्या आत, दोघांची अंघोळ सकाळी एकदमच होत असेल, तर १० किंवा १५ लिटरचा गिझर आणि वेळेवर बंद करायची सवय एवढं पुरतं. पाच-सहा माणसांचं स्वतःचं घर, वर मोकळी गच्ची आणि बिल दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात जात असेल, तर सोलर आणि ढगाळ दिवसांना छोटा बॅकअप हे गणित जमतं. भाड्याच्या घरात, जिथे काही बसवता येत नाही पण हवा खेळती आहे, तिथे बाहेर लावलेला गॅस गिझर चालतो. शेतातलं वाळकं जळण मुबलक असेल तर बंबही वाईट नाही, फक्त तो घराबाहेर हवा आणि पेटवायची पाळी एकट्या बाईवर नको.

हॉस्टेल, लॉज, मोठी एकत्र कुटुंबं यांच्यासाठी हीट पंप हा आणखी एक पर्याय बाजारात आहे. तो फ्रिजच्या उलट चालतो. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता देतो. युरोपात सेंट्रल हीटिंगसाठी बॉयलरच्या जागी आता हेच पंप बसवले जातायत. तिथल्या बर्फाळ हवेपेक्षा आपल्याकडच्या उबदार हवेत त्याचं काम सोपं होतं. किंमत मात्र छोट्या घराला सहज परवडेल अशी नाही.

यातलं काहीही घेण्याआधी एक काम पहिल्यांदा करायला हरकत नाही. या महिन्याचं लाइट बिल काढा, आपण कोणत्या टप्प्यात थांबतोय ते बघा, घरातल्या बादल्या मोजा आणि ८६० ने भागाकार करा. नवीन काही विकत न घेताही महिन्याला किती रुपये वाचू शकतात, ते त्या एका कागदावरच समजेल.